अवांतरराव

मराठी संस्थळांवर वावरलात आणि अवांतरराव भेटले नाहीत, असं होणं नाही. त्यांचं सदस्यनाम काहीही असेल. खरं नाव संपादक मंडळालाही ठाऊक नसतं. मी त्यांना अवांतरराव म्हणतो, कारण त्यांचा प्रतिसाद 'अवांतर:' असाच सुरू होतो. कुणीतरी विचारलेलं असतं की ठाण्याहून गणपतीपुळ्याला गाडीने जायला कोणता रस्ता बरा. चार जण चार रस्ते सांगतात, पाचवा खड्ड्यांची ताजी खबर देतो. तेवढ्यात अवांतरराव येतात. 'अवांतर: वाटेत चिपळूणला वडापाव खाता का? हल्ली चटणीत लसूण कमी झालाय, की मलाच तसं वाटतंय?' आणि खाली कंसात, आवाज उतरवून: '(रस्त्याचं माहीत नाही. मी रेल्वेने जातो.)'

रस्ता तिथेच राहतो. पुढचे साठ प्रतिसाद वडापाववर.

त्यांच्या सदस्यपानावर एकदा डोकावून यावं. सदस्यकाळ बारा-तेरा वर्षं. लेखन: काही नाही. प्रतिसादांच्या यादीला मात्र शेवटचं पान सापडत नाही. स्वतः धागा काढायचा म्हणजे विषय हवा, दोन बरे परिच्छेद हवेत, शुद्धलेखन हवं, आणि शेवटी 'जाणकारांनी प्रकाश टाकावा' असं लिहून हात जोडून बसायला हवं. अवांतररावांना हे मानवत नाही. दुसऱ्याने घातलेल्या मांडवात जाऊन आपलं कीर्तन लावायचं, हा त्यांचा पिंड. पोटापाण्याला ते काय करतात यावर मतभेद आहेत. कुणी म्हणतं साताऱ्यात सरकारी खात्यातून निवृत्त झालेत, कुणी म्हणतं हिंजवडीत आहेत, कुणी शपथेवर सांगतं की न्यू जर्सीत आहेत आणि पुण्यातले दिवे मालवले की लॉगिन करतात. माझ्या मते तिन्ही खरं असावं. अट एवढीच, की त्या वेळी त्यांच्यासमोर दुसरं काहीतरी तातडीचं काम पडलेलं असायला हवं.

कुळी मोठी जुनी आहे. १९८० साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी यूजनेट सुरू केलं. विषयवार गट आणि गटात एकाखाली एक उत्तरं. विषयांचे कप्पे करायची कल्पना ज्या दिवशी निघाली, त्याच दिवशी चुकीच्या कप्प्यात बोलणारा माणूसही जन्माला आला असणार. पुढे यूजनेटवर मराठीचाही एक गट झाला, तिथे परदेशातली मराठी मुलं रोमन लिपीत भांडायची. १९९६ च्या गणेशचतुर्थीला मायबोली सुरू झाली, २००४ मध्ये मनोगत, २००७ मध्ये मिसळपाव. मनोगतावर शुद्धिचिकित्सक होता, म्हणजे निदान भांडण तरी शुद्ध व्हायचं. मिसळपावने चर्चेच्या दालनाला सरळ 'काथ्याकूट' असं नाव देऊन टाकलं. एवढा प्रामाणिकपणा मी आपल्या कुठल्याच विधिमंडळात पाहिलेला नाही. त्यानंतर आलेल्या 'ऐसी अक्षरे'वर प्रतिसादांना श्रेणी देण्याची सोय झाली. मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण, खवचट वगैरे, आणि त्यांतच एक श्रेणी 'अवांतर'. इतरांना ती मिळाली की वाईट वाटतं. अवांतररावांना ती उपाधी वाटते.

आता त्यांचं महत्त्व कशात आहे, ते समजायला धाग्याची एक गंमत ठाऊक हवी. संस्थळाच्या पहिल्या पानावर जागा थोडी. तिथे कोण राहणार, हे विषय किती चांगला यावर ठरत नाही. शेवटचा प्रतिसाद कुणाला आला यावर ठरतं. एखाद्या बाईंनी महिनाभर खपून, लेण्यालेण्यांतून हिंडून, सातवाहनांच्या शिलालेखांवर लेख लिहिलेला असतो. वाचणारा भारावून जातो. आपण पामराने यावर काय बोलावं, म्हणून वाचनखूण साठवतो आणि निघतो. फार झालं तर 'पु.ले.शु.', म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. लेख संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पानावर आणि रविवारपर्यंत इतिहासजमा. त्याच वेळी 'एसटीत खिडकी उघडी ठेवावी की बंद?' हा धागा आठ दिवस वर तरंगत असतो, कारण खिडकीवर मत नाही असा मराठी माणूस अजून जन्मायचाय. पार्किन्सन नावाच्या लेखकांनी १९५७ च्या आपल्या पुस्तकात हेच सांगितलं होतं. त्यांची समिती अणुभट्टीचा खर्च दोन-तीन मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास घालवते.

बरं, असा धागा न आवडणारे सज्जनही असतात. ते तावातावाने लिहितात, 'असल्या फालतू धाग्यांना कृपया कुणी प्रतिसाद देऊ नये, आपोआप खाली जातील.' हे लिहिल्याबरोबर धागा पहिल्या क्रमांकावर येतो. लगेच अवांतरराव खाली लिहितात, 'सहमत.'

जेकब नील्सन नावाच्या तज्ज्ञाने २००६ साली अशा ठिकाणांबद्दल एक ठोकताळा मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण सठीसहामाशी काही लिहितात आणि एकच जण सतत लिहीत असतो. तो एक कोण, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही.

एक धागा जवळून पाहू. परदेशात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं होतं, 'वालाचं बिरडं करायचंय. सोलायची काही सोपी युक्ती आहे का? दोन तास झाले, नखं दुखायला लागली.' पेणकडच्या एका काकूंनी पाचदहा मिनिटांत उत्तर दिलं: मोड आलेले वाल कोमट पाण्यात घाल, जरा वेळाने एकेक दाणा चिमटीत धरून दाब, डाळिंबी टुपकन बाहेर येते. ताईंनी करून पाहिलं, काकूंना साष्टांग नमस्कार घातला. प्रश्न विचारला गेला, सुटला, आभार मानून झाले. अशा धाग्याने आता सद्गतीला जावं, दुसरं काय उरलं?

चौथा प्रतिसाद: 'अवांतर: यात गूळ घालता का?'

पुणेकर म्हणाले, हा काय प्रश्न झाला? घालतातच. नागपूरकर म्हणाले, गूळच खायचा तर सरळ शिरा करा, त्या वालांना कशाला त्रास? कोल्हापूरकरांनी सांगितलं की आमच्याकडे गुळाची गुऱ्हाळं आहेत, तरी आम्ही भाजीत घालत नाही, यावरून काय ते समजा. मग 'ज्याच्या जिभेला वळण नाही' असं एक वाक्य आलं आणि त्यामागोमाग 'वळण आम्हाला पुण्याने शिकवू नये' हे दुसरं. कुणीतरी 'अगदी अगदी' लिहून गेलं. नक्की कुणाशी सहमत ते आजतागायत कळलेलं नाही. दोघांनी रुमाल टाकून जागा धरल्या. एकाने पॉपकॉर्नचं चित्र लावलं. मूळच्या ताईंनी मध्येच एकदा, 'अहो, बिरडं छान झालं हो, गूळ नव्हताच घरात' असं कळवलं, पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ होता?

माइक गॉडविन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९० मध्ये एक नियम सांगितला होता, की चर्चा लांबत गेली की कधी ना कधी कुणीतरी कुणाला तरी हिटलर म्हणणारच. आपल्याकडे तितकं लांब जावंच लागत नाही, वाटेत पानिपत लागतं. इथेही लागलं. गुळावरून पेशव्यांच्या पंक्ती निघाल्या, पंक्तींवरून पेशवे निघाले, आणि नेमक्या त्या क्षणी अवांतररावांनी लिहिलं, 'अवांतर: पानिपत झालं ते १७६२ च्या दसऱ्याला ना? तेव्हाही फौजेला गूळ कमी पडला होता म्हणे.'

संस्थळावर जे इतिहासवाले महिनोन् महिने गप्प असतात, ते एका रात्रीत जागे झाले. '१४ जानेवारी १७६१. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. लिहिण्यापूर्वी कृपया वाचत जा.' दुसऱ्याने सांगितलं की गूळच काय, कणीकही नव्हती. गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्येच मारले गेले आणि रसदीचा भरवसा संपला. तिसऱ्याने नजीबखानाचं राजकारण उलगडलं. चौथ्याने भाऊसाहेबांसोबत यात्रेकरू आणि बाजारबुणगे किती, या प्रश्नावर दोन पानं लिहिली. एरवी वर्गणी भरून व्याख्यानमालेला जावं तेव्हा ऐकायला मिळतं, ते सगळं बिरड्याखाली फुकट. अवांतररावांनी शेवटी लिहिलं, 'हो का? धन्यवाद. हलके घ्या.' विकीचे जनक वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावावर एक वचन सांगतात, की खरं उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नये, चुकीचं उत्तर द्यावं. अवांतररावांना पानिपताची तारीख तिथीसकट पाठ असावी, असा मला दाट संशय आहे.

इकडे गूळवाद्यांची मारामारी प्रतिसाद, उपप्रतिसाद, त्याचा उपप्रतिसाद अशी चालूच होती. या संस्थळावर प्रत्येक उपप्रतिसाद वरच्यापेक्षा थोडा उजवीकडे सरकतो. पहिल्या रागाला ऐसपैस ओळ मिळते, दहाव्या रागाला बोटभर पट्टी. पंधराव्या पायरीला तर एका ओळीत एकच शब्द बसत होता. 'तुमच्यासारख्यांना' एका ओळीत, 'काय' खालच्या ओळीत, 'सांगायचं' त्याच्या खाली. शेवटी 'मूर्ख'सुद्धा मावेना; 'मू' वर राहिला आणि 'र्ख' खाली पडला. मारामारी थांबली ती समेट होऊन नव्हे, तर पडद्याची उजवी कड आली म्हणून. जिथे अशा पायऱ्या नसतात आणि सगळे प्रतिसाद सरळ एकाखाली एक येतात, तिथे वेगळीच तऱ्हा. आपण पंचवीस क्रमांकाच्या काकांना खडसावावं, तोवर मध्ये तिघांनी लिहिलेलं असावं, आणि नुकत्याच 'वाचतेय' असं म्हटलेल्या गरीब बाईंना वाटावं की हे आपल्यालाच. मग 'ताई, तुम्हाला नव्हतं हो' यात अर्धं पान जातं. अशा दुःखी बायकांचं सांत्वन करायला अवांतरराव तत्परतेने हजर असतात.

त्यांच्यावर सगळे चिडतात, आणि चिडणाऱ्यांचं चुकतं असंही नाही. ज्याला खरोखर गणपतीपुळ्याला जायचंय त्याने लसणीचं काय करायचं? पण त्याच बिरड्याच्या धाग्यात कुठेतरी चाळिशीच्या पुढे, गूळ आणि पानिपत यांच्या मधल्या धुळीत, अवांतररावांनी सहज विचारलं होतं, 'अवांतर: हे वाल पिकतात कुठे हो?' त्याला अलिबागकडच्या एका सदस्याने उत्तर दिलं. भात कापला की त्याच जमिनीत, राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की थंडीत पोपटी लावायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, ओवा आणि खडेमीठ, बटाटे, कांदे, खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी. तोंड पुन्हा पाल्यानेच गच्च बंद करून मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगा पाल्याच्या वाफेवरच शिजतात. आणि पाला नुसता वाफेसाठी नव्हे, सगळी चव त्याचीच. कोबीची पानं वापरून पोपटी लावणाऱ्यांशी आम्ही सोयरीक करत नाही, असं त्याने शेवटी बजावलं होतं.

इतकं चोख लिहिलेलं छापील पुस्तकात क्वचित मिळतं. ते शोधून मात्र कुणालाही सापडणार नाही, कारण धाग्याचं नाव आहे 'सोलणे: मदत हवी'.

संपादक मंडळ हे पुढचं पात्र. बिचारे बिनपगारी असतात, आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करतात आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खातात. बिरड्याने शंभरी गाठली (शंभरावा प्रतिसाद अवांतररावांचाच, अठ्ठ्याण्णव झाल्यापासून ते दबा धरून होते) आणि शाल-श्रीफळ देऊन धागाकर्तीचा सत्कार वगैरे झाला, तेव्हा संपादकांनी एक शहाणपणाचा उपाय केला. गुळाचे सगळे प्रतिसाद उचलून 'भाजीत गूळ असावा का?' असा स्वतंत्र धागा करून दिला. बोला आता मनसोक्त. पण तिथे अवांतरराव फिरकलेच नाहीत. तिथे गूळ हाच विषय झाला होता ना! त्यांच्यावाचून तो धागा दोन दिवसांत आटला. तिसऱ्या दिवशी ते इकडे बिरड्यात परत आले: 'अवांतर: इथे एकदम शुकशुकाट कसा?'

सदस्यांच्या एका गटगला (म्हणजे गेट-टुगेदरला) म्हणे ते प्रत्यक्ष आले होते. कुणाच्या लक्षात राहील असं काही बोलले नाहीत. तोंडावर बोलताना कोलन देता येत नाही ही अडचण असावी. दोन वेळा पाणी मागितलं, बिलातला आपला वाटा सुट्ट्या पैशांसकट दिला आणि लवकर गेले. रात्री त्यांनी वृत्तांतावर लांबलचक प्रतिसाद लिहिला. त्यात एकाही माणसाचा उल्लेख नव्हता, सगळा मजकूर हॉटेलबाहेर गाड्या कशा लावल्या होत्या यावर होता.

मध्यंतरी सगळी मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर गेली, तेव्हा अवांतररावांनाही कुणीतरी एका समूहात ओढलं. हाल झाले त्यांचे. सकाळी सूर्योदय, मग कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, मग हळदीच्या दुधाचे फायदे, मग निवडणूक, त्यात कुणाची तरी हरवलेली छत्री, पुन्हा सूर्योदय. त्यांनी पहिल्याच दिवशी सवयीने लिहिलं, 'अवांतर: यंदा कैऱ्या कशा आहेत तुमच्याकडे?' त्यावर समूहातल्या एका तरुण मुलीने निरागसपणे विचारलं, 'काका, अवांतर म्हणजे? विषय काय चालू होता?' अवांतररावांनी वर जाऊन पाहिलं. विषय नव्हताच. जिथे सगळंच रस्ता सोडून आहे तिथे रस्ता सोडायचा कुठून? महिनाभर तग धरून ते समूहाबाहेर पडले आणि संस्थळावर परतले. इथे आता गर्दी कमी झालीय, पण निदान धाग्याला शीर्षक असतं.

परतल्यावर त्यांनी सगळ्यांना चकित केलं. आयुष्यातला पहिला धागा काढला. शीर्षक: 'संस्थळावरील अवांतर प्रतिसादांना आळा कसा घालावा?' तीन मुद्दे, दोन उपमुद्दे, वेलांट्या जागच्या जागी आणि शेवटी 'जाणकारांनी प्रकाश टाकावा.' जाणकारांनी टाकला. सात प्रतिसाद आले, सातही विषयाला धरून. 'मुद्देसूद लेखन.' 'सूचना क्रमांक दोन अमलात आणावी.' 'संपादकांनी दखल घ्यावी.' एका संपादकाने घेतलीही. कुणी भांडलं नाही, कुणी पॉपकॉर्न लावलं नाही, आणि संध्याकाळी धागा पहिल्या पानावरून खाली गेला. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी आठवा प्रतिसाद आला, तो धागाकर्त्याचाच.

'अवांतर: हापूसची पेटी कितीला पडली यंदा?'

दुपारपर्यंत देवगड आणि रत्नागिरी समोरासमोर. एका अभ्यासूने मिटवामिटवी करावी म्हणून २०१८ चं भौगोलिक मानांकन काढलं: हापूस रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाचही जिल्ह्यांचा आहे, भांडू नका. तोपर्यंत स्वस्थ बसलेले रायगडवाले आणि पालघरवाले त्यामुळे बाह्या सरसावून उतरले. रात्री न्यू जर्सी जागी झाली आणि तिकडे मिळणाऱ्या आंब्यांची रडकथा सुरू झाली. धाग्यात सध्या प्रतिसादांचं चौथं पान चालू आहे. काल कुणीतरी आमरसात साखर घालता का, असं विचारलंय, आणि त्याच्याखाली अवांतररावांनी संपादकांना नम्र विनंती केली आहे, की धाग्याचा मूळ विषय वेगळा आहे, तरी हे प्रतिसाद कृपया हलवू नयेत.